ताई, एक विचारू का? (या वेळी: सही कोणाची लागते?)

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी जाता जाता एक ओळ टाकली होती की पिशवी साफ करायला, म्हणजे गर्भपाताला, नवऱ्याची सही लागत नाही. बस्स, तेवढ्या एका ओळीवर इतकी पत्रं, मेल आणि व्हॉट्सॲप आले की संपादक म्हणाले ताई या वेळी सगळा कॉलम याच विषयावर करून टाका. मी २६ वर्षं मुंबईतल्या सरकारी हॉस्पिटलांत सोशल वर्कर होते, रिटायर होऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, औषधाचा डोस मला विचारू नका. पण काउंटरवर काय होतं ते मला चांगलंच माहितीये.

ताई, मी २९ वर्षांची आहे, मुलगा अडीच वर्षांचा. कंडोम वापरूनही दिवस गेले, सात आठवडे झालेत. आम्हा दोघांनाही आत्ता दुसरं नकोय. मिस्टर मर्चंट नेव्हीत आहेत, शिपवर गेलेत, तीन महिने येणार नाहीत. जवळच्या नर्सिंग होममध्ये सांगितलं की मिस्टरांना आधार कार्ड घेऊन समोर सही करायला आणा. त्यांनी तिकडून सही केलेल्या कागदाचा फोटो पाठवला तोही चालत नाही म्हणाले. आता काय करू?
*(विक्रोळी)*

अगं, तुला हे सगळं मी फोनवर आधीच सांगितलंय, कारण अंक छापून येईपर्यंत थांबले असते तर तुझे सातचे अकरा आठवडे झाले असते. पण हाच प्रश्न वेगवेगळ्या हाताने लिहिलेला नऊ पत्रांत आलाय म्हणून इथे लिहिते.

१९७१ चा एमटीपी, म्हणजे गर्भपाताचा, कायदा आहे, तो १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला, आणि त्यात पहिल्यापासून, म्हणजे तुझा जन्मही व्हायच्या आधीपासून, एकच सही लागते, ती बाईची स्वतःची. फॉर्म सी म्हणतात त्या संमतीच्या कागदाला. नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही, भावाची नाही. फक्त मुलगी १८ च्या आतली असेल किंवा बाईला मानसिक आजार असेल तरच पालकांची लागते. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, हे २०२१ च्या दुरुस्तीनंतर, आधी १२ च्या पुढे दोन डॉक्टर लागायचे. आणि साधन फेल गेलं हे कारण कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे, तुझं तेच आहे, त्यामुळे काउंटरवर रडून दाखवायची किंवा गोष्ट रचून सांगायची काही गरज नाही.

मग ते का मागतात? खरं सांगू, सगळेच वाईट हेतूने मागत नाहीत. उद्या नवरा चार माणसं घेऊन आला आणि काच फोडली तर, ही भीती असते. काहींना कायदाच माहीत नसतो, म्हणजे डॉक्टरांना असतो पण काउंटरवरच्या माणसाला नसतो आणि बाई डॉक्टरपर्यंत पोचतच नाही, काउंटरवरूनच परत जाते. मी तर म्हणेन अर्ध्याअधिक बायका तिथेच परत फिरतात, आणि त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते.

तर करायचं काय. एक, काउंटरवर वाद घालू नकोस, मला मॅडमशीच बोलायचंय म्हण आणि आत जा. आत गेल्यावर शांतपणे विचार की फॉर्म सी वर माझी सही चालेल ना. दोन, भिंतीकडे बघ, खासगी दवाखान्याला गर्भपाताची मान्यता असेल तर त्याचं सर्टिफिकेट सगळ्यांना दिसेल असं लावावं लागतं, नसेल लावलेलं तर तिथून सरळ बाहेर पड, भले फी कितीही कमी सांगोत. तीन, महापालिकेचं मोठं हॉस्पिटल, तुला राजावाडी नाहीतर सायन सोयीचं, सकाळी लवकर जा, केस पेपर काढ, गायनॅक ओपीडी विचार. रांग मोठी असते, दोन-तीन खेपा होतील, पण खर्च फार कमी. तिथे कोणी म्हणालं की कॉपर टी बसवून घेत असशील तरच करू, तर अशी अट कायद्यात कुठेही नाही. हवी असेल तर बसव, नको तर नको.

आणि एक फरक समजून घे, सोबत कोणीतरी आण म्हणतील, ते योग्य आहे. भूल दिली तर एकटीला घरी सोडत नाहीत. पण सोबतीला येणारी व्यक्ती म्हणजे परवानगी देणारी व्यक्ती नव्हे. मैत्रीण चालते, बहीण चालते, शेजारीण चालते.

ताई नमस्कार, मी माटुंग्याला कॉलेजात शिकते. माझी मावसबहीण अमेरिकेत आहे, ती दर शनिवारी गर्भपाताच्या एका क्लिनिकबाहेर जॅकेट घालून उभी राहते आणि पेशंट बायकांना गाडीपासून दारापर्यंत सोडते, कारण बाहेर लोक ओरडत असतात, फोटो दाखवतात. तिने व्हिडिओ पाठवला, मला बघून धक्काच बसला. आपल्याकडे असं का नाही? म्हणजे आपण पुढारलेले आहोत का? आणि मला इथे काही करता येईल का?
*(वडाळा)*

तुझा दुसरा प्रश्न वाचून मला हसू आलं, वाईट वाटून घेऊ नकोस, चांगला प्रश्न आहे म्हणूनच हसले.

आधी तुझ्या बहिणीचं. तिकडे १९७३ साली सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क दिला, आणि विरोधकांचा जोर कोर्टाबरोबरच क्लिनिकच्या दाराकडेही वळला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तर माणसं दारासमोर झोपायची, गेटला स्वतःला साखळीने बांधून घ्यायची, की कोणी आतच जाऊ नये. १९९१ च्या उन्हाळ्यात कॅन्ससमधल्या विचिटा शहरात आठवडेच्या आठवडे हे चाललं, दोन हजारांवर अटका झाल्या. १९९३ मध्ये फ्लोरिडात डॉ. डेव्हिड गन यांना क्लिनिकबाहेर गोळ्या घातल्या. त्यानंतर १९९४ मध्ये दार अडवणं हा केंद्राच्या कायद्याने गुन्हा झाला, फेस ॲक्ट म्हणतात त्याला. तरी २००९ मध्ये त्याच विचिटातले डॉ. जॉर्ज टिलर यांना मारलंच, तेही चर्चमध्ये, रविवारच्या प्रार्थनेला आलेले असताना. मग २४ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाने आपलाच १९७३ चा निकाल फिरवला, आणि २०२५ च्या जानेवारीत ट्रम्पनी फेस ॲक्टखाली शिक्षा झालेल्या २३ जणांना माफी देऊन टाकली. म्हणजे तुझी बहीण शनिवारी सकाळी तिथे उभी राहते ती काही हौस म्हणून नाही.

ब्रिटनमध्ये वेगळा मार्ग काढलाय. इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑक्टोबर २०२४ पासून क्लिनिकच्या भोवती १५० मीटरच्या आत कोणी बायकांना अडवायचं नाही, त्रास द्यायचा नाही, स्कॉटलंडमध्ये २०० मीटर. आयर्लंडनेही त्याच वर्षी १०० मीटरची हद्द आखली. आणि आयर्लंड म्हटलं की मला आपली बेळगावची सविता हालप्पनवार आठवते, डेंटिस्ट होती, ३१ वर्षांची, १७ आठवड्यांचा गर्भ, तो वाचणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं. तिने स्वतः मागितलं की आता पिशवी रिकामी करा, पण गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून केलं नाही. जंतुसंसर्ग रक्तात पसरला, २८ ऑक्टोबर २०१२ ला गॉलवेच्या हॉस्पिटलात गेली. मे २०१८ मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून घटनेतली गर्भपाताची बंदी काढली, शंभरातल्या ६६ जणांनी. डब्लिनच्या भिंतीवर तिचं मोठं चित्र काढलेलं आणि मतदान करून आलेले लोक त्यावर चिठ्ठ्या चिकटवत होते, सॉरी सविता म्हणून. मी तेव्हा ड्युटीवर होते, फोनवर ते फोटो बघून ओपीडीच्या मागच्या पॅसेजमध्ये जाऊन रडले होते.

आता आपण पुढारलेले का. आपल्याकडे कायदा आला तो मोर्चाने आला नाही. १९६४ साली केंद्राने एक समिती नेमली, अध्यक्ष शांतिलाल शहा, आपल्या महाराष्ट्राचे मंत्री. चोरून गर्भपात करताना बायका मरतायत ही काळजी होतीच, आणि लोकसंख्या वाढतेय ही पण होती. १९६६ ला अहवाल, १९७१ ला कायदा. पुढे तर लोकलच्या डब्यात जाहिराती असायच्या, गर्भपात ७० रुपयांत, माझ्या वयाच्या कुठल्याही मुंबईकराला विचार. पण त्यात बाईचा हक्क असा शब्द नव्हता. आजही कायदा वाचलास तर तो डॉक्टरला संरक्षण देतो, बाईने मागितलं म्हणून मिळालं असं नाही, डॉक्टरचं मत झालं म्हणून मिळालं असं आहे. जे भांडून मिळवलेलं नसतं ते आपल्याकडे आहे हेच लोकांना कळत नाही, म्हणून विक्रोळीची बाई काउंटरवर गप्प बसते.

आणि यात आपल्या मुंबईच्या बायकांनी एक लढाई जिंकली त्याचा गुंता पण आहे, तो मला कुणाला सांगताना नेहमी जड जातं. ऐंशीच्या दशकात इथे गर्भलिंग तपासणीचा धंदा उघड चालायचा, आज पाचशे घालवा उद्याचे पाच लाख वाचवा अशा जाहिराती, म्हणजे हुंड्याचे. मुंबईतल्या स्त्री संघटनांनी, डॉक्टरांनी, कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध रान उठवलं आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशात पहिला कायदा केला, केंद्राचा १९९४ ला आला. ते करताना त्यातल्या बऱ्याच जणी जपून बोलायच्या, की आमचा विरोध लिंग तपासून मुली पाडण्याला आहे, गर्भपाताला नाही. पण पुढे सरकारी पोस्टर निघाली, रिक्षाच्या मागे, एसटी स्टँडवर, शाळेच्या भिंतीवर, स्त्रीभ्रूणहत्या पाप आहे, भ्रूणहत्या गुन्हा आहे. हत्या हा शब्द एकदा भिंतीवर गेला की मग सात आठवड्यांची पाळी चुकलेली बाई पण तो वाचते आणि तिला वाटतं मी गुन्हा करतेय. मी किती बायकांना विचारलंय की तुम्हाला काय वाटतं गर्भपात कायद्याने चालतो का, लिहिता-वाचता येणाऱ्या, नोकरी करणाऱ्या बायका, मान खाली घालून म्हणायच्या नाही ना मॅडम, बंद झालाय ना तो. बंद झाली ती लिंग तपासणी, बाई, ते वेगळं! हे वेगळं!

तर तुझ्या बहिणीच्या क्लिनिकबाहेर गर्दी दार अडवते, आपल्याकडे दार उघडं असतं आणि आत टेबलामागे बसलेला माणूस अडवतो. दोन्हीकडे सोबत लागतेच. जॅकेट नको घालूस, पण होस्टेलच्या किंवा कामवाल्या ताईच्या ओळखीच्या कुणाला जायचं असेल तर तिच्याबरोबर जा, फाइल धर, नंबर लाव, ती आत असताना बाहेर बस. फॉर्म सी म्हणजे काय हे तुझ्या दहा मैत्रिणींना सांग. २८ सप्टेंबरला जगभर सुरक्षित गर्भपात दिवस पाळतात, कॉलेजात त्या दिवशी एखाद्या गायनॅकला बोलवा, प्रिन्सिपॉल कुरकुर करतील, करू देत. आणि एक अगदी साधं, ज्याचा मला वैयक्तिक राग आहे. ओपीडीत मोठ्याने नाव घेणं. मी नवीन असताना एका हॉस्पिटलात आया पॅसेजमध्ये ओरडायची एमटीपीवाली कोण गं, आणि साठ डोळे वळायचे, एक मुलगी तर त्या आवाजाला उठून जिन्याने पळूनच गेली, मी मागे धावले तर ती गेट ओलांडून गेलेली, परत कधी आली नाही. त्या रजिस्टरला कायद्याने गुप्त मानलेलं आहे, आणि २०२१ पासून बाईचं नाव फोडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे कुठे होताना दिसलं तर तिथल्या तिथे बोल. तेवढं केलंस तरी पुष्कळ.

मॅडम, माझं मेडिकल स्टोअर आहे. गर्भपाताच्या गोळ्या आम्ही ठेवतच नाही. एफडीएवाले येतात, रजिस्टर बघतात, एकेक स्ट्रिपचा हिशेब मागतात. आमच्या लाईनमधले बरेच जण ठेवत नाहीत. तुम्ही लिहाल ते वाचून उद्या लोक आमच्याशी भांडायला येतील, म्हणून आधीच कळवतो.
*(मुलुंड)*

भाऊ, तुमची अडचण खोटी नाही. ही कडक तपासणी लिंग बघून होणारे गर्भपात थांबावेत म्हणून, पण एक हिशेब तुम्हीच करून बघा. या गोळ्या ९ आठवड्यांपर्यंतच्या. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे कळायला साधारण १२ आठवडे तरी उलटावे लागतात. मग गोळ्या घेणारी बाई लिंग बघून आलेली असेल कशी? लिंग तपासणी थांबवायची म्हणून गोळ्या दुकानातून गायब होतात हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी झालं. आणि दुकानात मिळाल्या नाहीत म्हणून बाई थांबत नाही हो, ती व्हॉट्सॲपवरून कुणाकडून तरी मागवते, दुप्पट पैशात, काय भरलंय ते देव जाणे.

चिठ्ठीशिवाय द्या असं मी अजिबात म्हणत नाहीये. चिठ्ठी हवीच, कारण आधी गर्भ पिशवीतच आहे ना, नळीत तर नाही ना हे बघावं लागतं, नळीत असेल तर गोळ्यांनी काही होत नाही आणि नळी फुटली तर जीव जातो. पण चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईला बिलासकट गोळ्या देणं हा धंदा कायदेशीर आहे, तुम्ही हिशेब नीट ठेवला तर घाबरायचं कारण नाही.

वाचकांपैकी कुणी आधीच घेऊन बसलं असेल तर: तासाला दोन मोठे पॅड भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, चक्कर येतेय, ताप उतरत नाही, घाण वास येतोय, यातलं काहीही झालं तर लगेच मोठं हॉस्पिटल गाठा, रात्री दोन वाजता असलं तरी. काय घेतलंय ते डॉक्टरला खरं सांगा.

संपादक महोदय, आपल्या मासिकात असले विषय छापून काय साधता? घरातल्या मुली वाचतात. लग्न न झालेल्या मुलींनाही गर्भपाताची मुभा असे लिहिले की समाजात काय उरेल?
*(एक ज्येष्ठ नागरिक, गिरगाव)*

काका, पत्र संपादकांना होतं पण उत्तर मीच देते. मुभा मी दिलेली नाही, २०२१ च्या दुरुस्तीत नवरा हा शब्द काढून जोडीदार लिहिला तो संसदेने, आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २० ते २४ आठवड्यांची जी सवलत आहे त्यात लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही. त्याच निकालात असंही आहे की नवऱ्याने जबरदस्ती केली असेल तर या कायद्यापुरता तोही बलात्कारच धरायचा. ते वाक्य मी दोनदा वाचलं होतं, कारण असल्या किती बायका माझ्या टेबलासमोर बसून गेल्यात, मंगळसूत्र घातलेल्या.

राहिलं घरातल्या मुलींनी वाचण्याचं. तुमच्या-आमच्या याच मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमनाचा दवाखाना काढला, नोकरी गेली, मग मासिक काढलं आणि त्यात वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून खटला झाला तेव्हा, १९३४ मध्ये, त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचकांची प्रश्नोत्तरं, काका! तेव्हाही असंच विचारलं गेलं होतं की हे छापून काय साधता. खटला हरले, दंड भरला, आणि मासिक १९५३ पर्यंत, म्हणजे ते जाईपर्यंत, चालू ठेवलं. तुम्ही मात्र पत्र पाठवत जा, रागाने का होईना तुम्ही पूर्ण वाचता हे मला कळतं.

मुलगी १७ ची आहे. क्लासमधल्या मुलाशी होतं. दहा आठवडे. पोलीस केस होईल म्हणून डॉक्टर नाही म्हणतायत. आम्हाला केस नको.
*(नाव, गाव देत नाही)*

पत्ता नाही, नंबर नाही, म्हणून इथेच लिहिते, वाचाल अशी आशा. १८ च्या आत असल्यामुळे तुम्हा पालकांची सही लागेल आणि पॉक्सोखाली, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, ते खरं आहे. पण त्याच २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने मुलीचं नाव आणि ओळख पटेल अशी माहिती पोलिसांना द्यायची गरज नाही. हे डॉक्टरला सांगा, निकालाची प्रत हवी असेल तर नेटवर मिळते. खासगीत ऐकत नसतील तर थेट मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जा आणि आधी सोशल वर्करला भेटा, सगळ्यात आधी. गावठी काही करू नका, आणि तिला ओरडू नका आत्ता, नंतर बघा ते. दहा म्हणजे अजून वेळ आहे, पण पुढच्या सोमवारवर ढकलू नका.

ता. क. कॉलम संपादकांना पाठवता पाठवता विक्रोळीच्या मुलीचा फोन आला. झालं तिचं. नर्सिंग होमचा नाद सोडून मोठ्या हॉस्पिटलातच गेली, तीन खेपा, एकदा सोनोग्राफीचं मशीन बंद. सोबत कोण होतं विचारलं तर म्हणाली सासूबाई. तिने घाबरत घाबरत घरात सांगितलं तर त्या म्हणाल्या माझ्या वेळी मला कोणी सोबत आलं नव्हतं, चल, आणि डब्यात पोळीभाजी भरून घेतली. काउंटरवर विचारलंच, मिस्टर कुठेत? तर हिच्याआधी सासूबाईच म्हणाल्या, तो बोटीवर आहे, सही हिची लागते ना, पेन द्या.